नवे कार्ड घ्यावे की थांबावे?

जुन्या बडोदेकर घरांत नवे यंत्र सहजासहजी येत नसे. बाजाची पेटी असो, शिवणयंत्र असो, ग्रामोफोन असो की कॅमेरा असो; आधी घरात चार दिवस खल व्हायचा, आणि 'आहे त्याने काय अडले आहे?' हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी विचारायचा व धाकट्यांनी त्याला उत्तर द्यायचे, अशी रीत होती. कोणी या प्रश्नाला कद्रूपणा म्हणत, कोणी शहाणपण. यंत्रे बदलली, पण तो खल काही थांबलेला नाही. सध्या तो ज्या वस्तूवरून चालतो तिचे नाव ग्राफिक्स कार्ड. वीटभर आकाराची ही वस्तू आणि तिची किंमत दोन लाखांच्या वर. ती हवी म्हणणारा घरातला विशी-पंचविशीतला नातू, आणि ती कशाला हवी ते कोणीच नीट समजावून सांगितले नाही म्हणून बुचकळ्यात पडलेले आजोबा, असे चित्र आज अनेक घरांत दिसते. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्यावर ते बरोबर चौपट, ८२ लाख ९४ हजारांच्या घरात जातात. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे फोर-के पडद्यासाठी दर सेकंदाला जवळजवळ पन्नास कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. प्रत्येक ठिपक्याचे गणित लहान, पण गणिते अगणित. हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर टाकले तर तो दमून जाईल. म्हणून त्यासाठी निराळे यंत्र निघाले. १९९३ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणले, आणि 'जीपीयू' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. याच कंपनीची आज पुण्यात आणि हैदराबादेतही कामाची केंद्रे आहेत, तेव्हा ही विद्या आपल्याला अगदीच परकी राहिलेली नाही.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणली की हा प्रकार चटकन उमजतो. मुख्य प्रोसेसर हा आचारी. काय शिजवायचे, कोणत्या क्रमाने वाढायचे, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढप्यांची फौज. प्रत्येकाचे काम साधे, पण हजारो हात एकाच वेळी चालतात. पडदा म्हणजे मांडलेली पाने. आणि कार्डावरची मेमरी म्हणजे वाढप्यांच्या हाताशी ठेवलेली पातेली. जे पदार्थ त्यांत मावतात ते झटपट वाढले जातात. जे मावत नाहीत त्यांच्यासाठी मागच्या कोठीपर्यंत धावावे लागते, आणि मग पंगत रेंगाळते.

ही उपमा ध्यानात ठेवली तर खरेदीचा सारा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो. पंगत कोणामुळे खोळंबली आहे? आचाऱ्याची आमटीच उकळली नसेल तर वाढपी दुप्पट करून काय उपयोग? पानेच मोजकी असतील तर वाढपी भिंतीला टेकून उभे राहणार. वाढपी खरोखरच कमी असतील, किंवा पातेली लहान असतील, तरच नव्या कार्डाचा पैसा कारणी लागतो.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे येऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'आरटीएक्स ४०९०' हे कार्ड निघाले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या वरचे 'आरटीएक्स ५०९०' आले. पहिल्यात गणित करणारे घटक १६,३८४, दुसऱ्यात २१,७६०. पहिल्याची मेमरी २४ गिगाबाइट, दुसऱ्याची ३२. पहिले भर कामात ४५० वॅट वीज खाते, दुसरे ५७५. भारतातली आरंभीची जाहीर किंमत पहिल्याची १,५५,००० रुपये होती, दुसऱ्याची २,१४,००० रुपये. आणि वेग? फोर-के पडद्यावर जाणकारांनी घेतलेल्या चाचण्यांचे सार असे की नवे कार्ड जुन्यापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी पुढे आहे.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की गंमत कळते. वेग सुमारे तीस टक्के वाढला, विजेची भूक २८ टक्के वाढली, आणि किंमत ३८ टक्के. म्हणजे वेग वाढला तो बहुतांशी वाढपी वाढवून आणि त्यांना जास्त खाऊ घालून. याचे कारणही आहे. २०२० सालच्या ३०९० वरून ४०९० कडे जाताना चिप घडवण्याची पद्धतच बदलली होती. आधीची चिप सॅमसंगच्या कारखान्यातली, नंतरची तैवानच्या टीएसएमसीमधली आणि कितीतरी सूक्ष्म. त्या वेळी वेग दीडपटीहून अधिक वाढला होता. ४०९० आणि ५०९० मात्र जवळजवळ एकाच घडणीच्या पिढीतली आहेत. तेव्हा क्रमांक हजाराने वाढला म्हणून प्रगतीही दर वेळी सारखीच झाली, असे मानू नये.

क्रमांकाइकीच जाहिरातही जपून वाचावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले, की ५४९ डॉलरचे नवे ५०७० कार्ड ४०९० च्या तोडीचे काम करील. सभागृहात टाळ्या पडल्या. पण त्या तोडीला एक पोटकलम होते. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये यंत्राने अंदाजाने रचलेली चित्रे घालण्याची युक्ती ४० च्या मालिकेत आली होती. तिथे मध्ये एक चित्र घालता येत असे, ५० च्या मालिकेने तीनपर्यंत मजल मारली. मोजणीत ही चित्रेही धरली तर आकडा फुगतो. डोळ्याला चलन गुळगुळीत दिसते, हे खरेच. पण मधले चित्र रचायचे तर पुढचे खरे चित्र हाती येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून खेळणाऱ्याच्या बोटाला यंत्र किती तत्पर उत्तर देते ते या चित्रांनी सुधारत नाही. कीर्तनात निरूपण जेवढे आहे तेवढेच राहते, मध्ये टाळ-चिपळ्या वाढल्याने वेळ सुरेख जातो एवढेच. उलट त्याच सुमारास लहान चित्र मोठे करून रेखीव दाखवणारी सुधारलेली पद्धत कंपनीने जुन्या आरटीएक्स कार्डांनाही फुकट दिली. नवेपणाचा एक हिस्सा असा जुन्या मालकाच्या घरी बिनपैशाने आला, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या परिचयातील एका घरी गेले काही महिने हाच खल चालला आहे. घर रावपुऱ्यातले, चार पिढ्यांचे. आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. थोरला नातू येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत शिकला आणि आता घरी बसून सजीव चित्रपटांची, म्हणजे अ‍ॅनिमेशनची कामे करतो. त्याच्याजवळ २०२३ साली घेतलेले ४०९० आहे. त्याला ५०९० हवे. पैसे आहेत ते आजोबांच्या मुदत ठेवीत, आणि ती ठेव घराच्या कौलारू छपरासाठी राखलेली. पाऊस कोणासाठी थांबत नाही. म्हणून हा वाद केवळ हौसेचा नाही.

नातवाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, "आजोबा, साधन पदरी नसेल तर मोठे काम मागायचे कोणत्या तोंडाने?" आजोबांनी उत्तर दिले नाही, वही मागवली. आठवडाभर त्याने यंत्रासमोर कुठे, किती वेळ आणि कशासाठी वाट पाहिली, ते लिहून ठेवायचे ठरले.

वही भरल्यावर जे दिसले ते दोघांनाही नवीन होते. सर्वांत लांबचे काम रात्रीचे. एखादे दृश्य अंतिम रूपात काढायला ४०९० ला दहा तास लागतात. तीस टक्के वेग वाढला तर तेच काम सुमारे सात तास चाळीस मिनिटांत होईल. पण काम लावतात रात्री दहाला, आणि नातू उठतो आठला. यंत्र पहाटे पावणेसहाला मोकळे झाले काय आणि आठला झाले काय, झोपलेल्या माणसाची वाट पाहणे वाचत नाही. विजेचा हिशेबही गमतीचा निघाला. दहा तास ४५० वॅट म्हणजे साडेचार युनिट, सात तास चाळीस मिनिटे ५७५ वॅट म्हणजे जवळजवळ साडेचारच. काम तेवढेच, वीजही तेवढीच.

दिवसाची गोष्ट निराळी. प्रकाश थोडा इकडे, रंग थोडा तिकडे करून पाहायचे, आणि दर वेळी चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबायचे. असे थांबणे रोज एकूण तास-सव्वा तास भरले. तीस टक्के वेगाने त्यातली पंधरा-वीस मिनिटे वाचली असती. वाचलेली मिनिटे मोलाचीच, पण छपराच्या मोलाची नव्हेत.

राहिला मेमरीचा प्रश्न, आणि खरी मेख येथेच असते. वेग कमी असला तर काम उशिरा होते. मेमरी कमी पडली तर काम कोठीच्या फेऱ्यांत अडकते आणि कधीकधी होतच नाही. दृश्य २८ गिगाबाइटचे असेल तर २४ च्या कार्डावर त्याची दैना होते आणि ३२ च्या कार्डावर ते सुखाने बसते. असा ग्राहक ज्याच्याकडे नियमित येतो त्याने नवे कार्ड जरूर घ्यावे. त्याच्या बाबतीत तीस टक्क्यांची चर्चाच गैरलागू आहे. नातवाची दृश्ये मोजली तर सर्वांत जड होते ते १९ गिगाबाइटचे.

तरीही तो हटला नाही, आणि त्याने बडोद्याचाच दाखला काढला. दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली उभारलेली ती संस्था. १९१२ साली फाळके विलायतेला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, त्यासाठी कर्ज काढले. "त्यांनी तरी आधी यंत्रच घेतले ना?" नातवाचा हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्या कथेचा पुढचा भागही सांगायला हवा. कॅमेरा आला तरी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल नव्हते. तेव्हा फाळक्यांनी वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याचे छोटेसे चलच्चित्र काढले आणि ते दाखवून पैसा उभा केला. चित्रपट १९१३ साली आला. फाळक्यांजवळ चित्रपटाचा कॅमेराच नव्हता. त्याविना एक चौकटही निघाली नसती. नातवाजवळ यंत्र आहे, आणि तेही दोन वर्षांपूर्वीपर्यंत जगातले अव्वल. त्याला हवा आहे तो वाटाणा. मोठ्या कामाचा एक लहान नमुना आहे त्या कार्डावर करून दाखवावा. काम मिळाले आणि ते २४ गिगाबाइटांत मावेनासे झाले, तर तेवढ्या कामापुरती तासाच्या भाड्याने दूरची यंत्रे मिळतात, आणि त्या कामाच्या मोबदल्यातून पुढे कार्डही येते. साधन आधी की काम आधी, हा वाद जुना आहे. पण साधन मुळीच नसणे आणि साधन थोडे मागचे असणे, या दोन अवस्था एक नव्हेत.

त्याच घरातला धाकटा नातू हे सारे ऐकत होता. तो नोकरी करून रात्री खेळणारा. त्याच्याकडे २०१९ सालचे २०६० कार्ड, मेमरी अवघी ६ गिगाबाइट. त्याने काही मागितलेच नव्हते. पण चाचणी त्याच्या यंत्राचीही घेतली. ही चाचणी कोणालाही करता येते. खेळाच्या रचनेत जाऊन ठिपक्यांची संख्या कमी करावी. वेग लगेच वाढला तर खोळंबा कार्डाचा. वेग होता तेवढाच राहिला तर खोळंबा प्रोसेसरचा, आणि मग कार्डावर पैसे घालणे म्हणजे आमटी उकळण्याआधी वाढपी आणणे. त्याच्या यंत्रावर वेग वाढला, आणि मेमरीही काठोकाठ भरलेली दिसली. म्हणजे नव्या कार्डाची खरी गरज न मागणाऱ्याला होती. पण त्याचा पडदा साधा, वीस लाख ठिपक्यांचा. त्याला सर्वांत वरचे कार्ड देणे म्हणजे चार पानांना चाळीस वाढपी. मधल्या पायरीचे, ज्याची आरंभीची किंमत ५९,००० रुपये होती असे ५०७०, किंवा त्याहूनही खालचे, त्याला पुष्कळ वर्षे पुरेल. शिवाय वेगाच्या मोहालाही सीमा असते. सेकंदाला साठ चित्रांऐवजी एकशे वीस झाली की प्रत्येक चित्रामागे आठ मिलिसेकंद वाचतात. एकशे वीसची दोनशे चाळीस केली तर चारच वाचतात. दुप्पट खर्चाला निम्मे समाधान!

ज्यांना सर्व तपासूनही वरचे कार्ड घ्यायचेच आहे, त्यांनी किमतीच्या चिठ्ठीखेरीज आणखी काही खर्च धरावेत. ५०९० साठी कंपनी १००० वॅटचा वीजपुरवठा संच सांगते. ४०९० ला ८५० पुरत होता. म्हणजे तो संचही बहुधा बदलावा लागणार. या कार्डांची वीज ज्या छोट्या जोडणीतून जाते ती वितळल्याच्या तक्रारी ऑक्टोबर २०२२ पासून येऊ लागल्या, आणि पुढे जोडणीची रचना सुधारावी लागली. सुधारलेल्या जोडणीची मर्यादा ६०० वॅट, आणि ५०९० ची भूक ५७५. मध्ये सैल जागा फारशी नाही. म्हणून ती पूर्ण आत बसली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जेवढी वीज कार्डात जाते तेवढी उष्णता होऊन खोलीत येते, हेही विसरू नये. बडोद्याच्या मे महिन्यात खोलीत अर्ध्याहून अधिक हीटर लावून बसणे काय असते, ते येथील माणसाला सांगायला नको.

नवे ते सर्व बाबतींत सरस, हीही समजूत सोडावी. ५० ची मालिका आली तेव्हा २००८ च्या सुमारास निघालेल्या काही खेळांना लागणारी एक जुनी सोय तिच्यातून काढून टाकली होती, आणि ते खेळ नव्या कार्डावर जुन्यापेक्षा वाईट चालू लागले. ओरड झाल्यावर २०२५ च्या अखेरीस निवडक खेळांपुरती ती सोय परत देण्यात आली. जुने कार्ड विकत घेणाऱ्यांनीही चौकशी करावी. इथेरियम नावाच्या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवरची खाणकामे सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडली, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली होती. त्यांतली अजूनही हातोहात फिरतात. आणि भावाविषयी म्हणाल, तर २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांची टंचाई झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी माल उचलला आणि दर कडाडले. त्यामुळे जाहीर किमतीलाच कार्ड मिळेल असे गृहीत धरून बेत आखू नये. हेच कारण चालू जुने कार्ड घाईने न विकण्याचेही आहे.

कोणी म्हणेल, इतका हिशेब केला तर आयुष्यात हौस कधी करायची? हौसेला आमचा विरोध नाही. ज्याच्याकडे फोर-के पडदा आहे, जुने कार्ड तीन-चार पिढ्यांमागचे आहे, आणि पैसा छपराचा किंवा औषधपाण्याचा नाही, त्याने सुखाने सर्वांत वरचे कार्ड घ्यावे आणि त्याचा आनंद घ्यावा. फक्त हौसेला गरजेचे नाव देऊ नये. घरातली भांडणे किमतीवरून जितकी होतात, त्याहून अधिक या खोट्या नावावरून होतात.

रावपुऱ्यातल्या त्या घरी तूर्त निर्णय झाला तो असा. ठेव छपराला जाईल. थोरल्याने वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून आजोबांची सही घेतली आहे. सलग दोन कामे २४ गिगाबाइटांच्या वर गेली, तर कार्ड घ्यायचे आणि कोणी 'काय अडले आहे' असे विचारायचे नाही. धाकट्याला मधल्या पायरीचे कार्ड स्वतःच्या पगारातून दिवाळीपर्यंत घ्यायचे आहे. थोरला सध्या नमुना करतो आहे. दृश्य आपल्या सुरसागरचे, पावसातले. आठवड्यापूर्वी पाहिले तेव्हा ते २१ गिगाबाइटांवर पोहोचले होते.